फुकट वकील मिळतो हो, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?

मीठागर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की गरिबाला सरकारच फुकट वकील देतं, मग गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या या संस्था कशाला लुडबुड करतात? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

सरकार वकील देतं हे खरंच आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे मोफत कायदेशीर मदतीचं कलम आलं, १९८७ला विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, पण तो अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्याच्या कलम १२मध्ये कोणाला मदत मिळते ते दिलंय: अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुलं, अपंग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले वगैरे. बाईला मदत हवी असेल तर उत्पन्न विचारतच नाहीत, हे आपल्याकडे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. म्हणजे कागदावर बघाल तर दृष्ट लागावी अशी सोय.

मी वकील नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पूर्व उपनगरातल्या एका संस्थेच्या मदत केंद्रात शनिवारी बसतो. संस्थेचं नाव देत नाही, जाहिरात नको. माझं काम कागद लावायचं. माणूस येतो तो साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, आणि ती टेबलावर उलटी करतो. त्यात लाइट बिल निघतं ते ज्याच्याकडून खोली घेतली त्याच्या नावाचं. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, घडीवर फाटलेला, नेमका नंबर गेलेला. मतदार यादीच्या उताऱ्यात बाईचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. पोराचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, त्यावर पत्ता असतो आणि तोच कधीकधी सगळ्यात जुना आणि कामाचा कागद ठरतो. आणि तळाशी झोपडी पाडण्याची नोटीस. दारावर डकवलेली काढून आणलेली, त्यामुळे कोपरे दाराला चिकटून राहिलेले. नोटिशीवरची तारीख एक आणि डकवली तो दिवस वेगळाच. आम्ही सगळ्यात आधी हे सांगतो की नोटीस काढू नका, दारावर असतानाच मोबाइलने फोटो घ्या, शेजारच्या दोघांना उभं करा.

आता सांगा, यातलं कुठलं काम पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील करणार? त्याच्या टेबलावर लावलेली फाइल यावी लागते. नोटीस ते कोर्ट यांच्यामध्ये जे थोडेसे दिवस असतात, त्यात जुन्या मतदार यादीचा साक्षांकित उतारा आणायचा, वॉर्ड ऑफिसात उत्तर द्यायचं, आणि मुख्य म्हणजे त्याची पोच घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही उत्तर दिलंच नाही असं धरतात. रोजंदारीवरच्या माणसाने यातल्या प्रत्येक चकरेला एकेक दिवसाचा रोज बुडवायचा. खरा खर्च वकिलाच्या फीचा नसतोच, बुडालेल्या रोजाचा असतो. संस्था करतात ते हे मधलं काम. कायदा वकील देतो, मधला माणूस देत नाही. नियमात 'विधी स्वयंसेवक' आहेत, चांगले असतात तिथे फार चांगले असतात, पण वस्ती केवढी आणि ते किती!

इतिहासातलं एक. ओल्गा टेलिस खटला सगळ्यांनी ऐकलाय, वाचलेला फार थोड्यांनी. जुलै १९८१ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवणार, भर पावसाळ्यात. पत्रकार ओल्गा टेलिस, काही संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारे लोक कोर्टात गेले. निकालपत्रात अर्जदारांची हकीगत आहे, ती मिळवून वाचाच. एक जण आपल्या संगमनेरचा. गावात चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा, घर पडलं, १९६९ला मुंबईत आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या दादाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार फुटपाथवर प्लॅस्टिकखाली झोपायला! दुसरा तमिळनाडूतल्या सेलमचा. त्याचं खोपट पाडून कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच.

१० जुलै १९८५ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो हे त्यात आलं, जगभर गाजलं. पण अर्जदारांना काय मिळालं? ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंतची मुदत. फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. महापालिका कायद्याचं कलम ३१४, ज्यात नोटिशीशिवाय अतिक्रमण हटवता येतं, तेही कायम राहिलं. फक्त कोर्टाने सांगितलं की तो अधिकार आहे, सक्ती नाही, आणि एरवी आधी ऐकून घ्यायला हवं. आज आम्ही शनिवारी जे करतो ते सगळं त्या 'आधी ऐकून घ्या'वर उभं आहे.

इथे वकील, कार्यकर्ते, किंवा स्वतः यातून गेलेले कोणी असतील तर लिहा.

गुलबक्षी

वाचतेय. बायकांना उत्पन्नाची अट नाही हे मला आज कळलं, आणि मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेय. 😐

काळाकोट

पॅनेलवर अनेक वर्षं होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

मीठागर म्हणतात ते बरोबर आहे, पण वकिलांना सरसकट झोडपू नका (तुम्ही झोडपलं नाहीत, पुढे कोणीतरी झोडपेल म्हणून आधीच सांगतो). मानधन तुटपुंजं, तेही कधी येईल ते सांगता येत नाही. नेमणुकीचं पत्र हातात पडतं तेव्हा तारीख परवावर आलेली असते. अशिलाचा फोन लागत नाही कारण रिचार्ज संपलेला. अशा वेळी संस्थेचा माणूस पाठीशी असेल तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. कागद तारीखवार लावलेले, प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार, आणि अशील वेळेवर कोर्टात हजर. न्यायाधीशही अशी फाइल बघून वेगळ्या नजरेने ऐकतात, हे कोणी कबूल करणार नाही.

फौजदारी बाजूला बदल होतोय. २०२२च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं आली, म्हणजे सरकारी वकिलासमोर तितकाच पूर्णवेळ पगारी माणूस. घर-जागेच्या दाव्यांना मात्र अजून जुनीच पॅनेलची पद्धत.

आणखी एक. नोव्हेंबर २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा 'बुलडोझर' निकाल लोक व्हॉट्सअपवर फिरवतात, आता पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय काही पाडता येणार नाही म्हणून. पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगत, नदी-जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते निर्देश लागू नाहीत. मुंबईतली गरिबातली गरीब माणसं नेमकी तिथेच राहतात. माझ्याकडे एक म्हातारबा तो मेसेज छापून आणि लॅमिनेट करून घेऊन आले होते. काय सांगणार!

सरळमार्गी

स्पष्टच लिहितो, राग नसावा.

मी वीस वर्षांचं कर्ज काढून विरारला घर घेतलं. रोज लोकलला लोंबकळतो. मालमत्ता कर वेळेवर भरतो. आणि दुसरा माणूस सरकारी जागेवर पत्रे ठोकतो, त्याला नोटीस हवी, सुनावणी हवी, फुकट वकील हवा आणि शेवटी मोक्याच्या जागी ३०० चौरस फुटांचं घरही हवं. या संस्था त्याला मदत करतात म्हणजे अतिक्रमणालाच मदत करतात ना? परत ती घरं विकून लोक पुन्हा झोपडीत जातात ते वेगळंच. प्रामाणिक माणसासाठी कुठली संस्था आहे ते सांगा.

दादरपूर्व

@सरळमार्गी, प्रामाणिक माणसाचं मी सांगतो.

आम्ही चाळीत राहणारे, तीन पिढ्या, पागडीची खोली, भाड्याच्या पावत्या आजोबांपासून जपलेल्या. पुनर्विकास लागला. विकासकाने खोल्या रिकाम्या करून घेतल्या, पहिले काही महिने भाडं दिलं आणि मग बंद. इमारत पाडलेली, प्लॉटवर गवत. आम्ही कोणी अतिक्रमण केलेलं नव्हतं. आमच्यात एक निवृत्त कंपाउंडर, दोन विधवा, एक पोस्टमन, एक जण घरगुती खानावळ चालवणारा. खाजगी वकिलाने सुरुवातीलाच जो आकडा सांगितला तो ऐकून मीटिंगमध्ये कोणी बोलेना. तेव्हा अशाच एका संस्थेच्या मुलीने, हो, चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, आमचे करारनामे वाचून सांगितलं की प्रत्येकाच्या करारात भाड्याचं कलम वेगळं आहे. विकासकाने मुद्दाम तसं केलं होतं, म्हणजे एकत्र भांडता येऊ नये. आम्हाला कोणालाच ते दिसलं नव्हतं, कारण एकमेकांचे करार आम्ही कधी बघितलेच नव्हते. 'त्याला जास्त मिळालं असेल' या संशयाने.

तर 'गरीब शहरवासी' म्हणजे फक्त झोपडीवाला असं समजू नका. भाडं बंद झालं की आपल्यातले अर्धे लोक त्याच रांगेत येतात.

सरळमार्गी

तुमची केस वेगळी आहे, त्याला माझा विरोध नाहीच.

मीठागर

@सरळमार्गी, तुमच्या रागाला आधार नाही असं मी म्हणणार नाही. मलाही पुनर्वसनाचं घर विकून गेलेली माणसं माहीत आहेत. पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय.

घर कोणाला द्यायचं हे संस्था ठरवत नाहीत, कायदा ठरवतो. झोपडी १ जानेवारी २००० किंवा त्याआधीची असेल तर संरक्षण आणि मोफत पुनर्वसन. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११पर्यंतची असेल तर सशुल्क, त्याची किंमत २०२३ला अडीच लाख ठरली. त्यानंतर आलेल्याला घर मिळत नाही, आणि कुठलाही बरा वकील त्याला तसं खोटं सांगणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना आम्ही हेच सांगतो की तुमचं यात बसत नाही. तेही कामच आहे, कारण नाहीतर दलाल त्यांच्याकडून 'पात्र करून देतो' म्हणून पैसे उकळतो. दलालांना आमचा सगळ्यात जास्त राग असतो तो यासाठी.

दुसरी गोष्ट सुनावणीची. घर मिळणार नसलं तरी पाडण्याआधी माणसाला सांगायचं, सामान काढू द्यायचं, भर पावसात पाडायचं नाही, एवढं तरी आहेच. १ जून ते ३० सप्टेंबर राहती घरं पाडू नयेत असा शासनाचाच निर्णय आहे. तरी पवईच्या जयभीम नगरात ६ जून २०२४ला तोडक कारवाई झालीच. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. घरं तोवर गेलेली होती.

आणि पाणी! पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ला न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. बांधकाम नियमित झालं असा त्याचा अर्थ नाही, हेही त्याच आदेशात आहे. यात तुमच्या विरारच्या कर्जाचं काय नुकसान झालं ते मला सांगा.

ओसरी

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करते (संस्थेची पगारी समुपदेशक, वकील नाही), म्हणून या बाजूचं लिहिते. वरच्या चर्चेत सगळे 'झोपडीधारक' पुरुष आहेत असं वाटायला लागलंय. 🙂

नवऱ्याने बाहेर काढलेली बाई आमच्याकडे येते तेव्हा तिला घटस्फोट नको असतो, पोटगीही नको असते. तिला आजची रात्र कुठे काढू ते हवं असतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो-नसो. २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही तो लागू होऊ शकतो हे स्पष्ट केलं. पण वस्तीतल्या सासूला हे निकालपत्र दाखवून काय होतंय? तिथे आमची कार्यकर्ती जाऊन बसते. चहा घेते. सासूचंच गाऱ्हाणं आधी ऐकून घेते, तासभर. मग संरक्षण अधिकाऱ्याकडे अहवालाचा फॉर्म, मग दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ला मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्या मजलिसने कोर्टात लढणाऱ्या स्त्री वकिलांची फळी उभी केली. आम्ही सगळ्या त्यांनी पाडलेल्या पायवाटेवरून चालणाऱ्या.

आता झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेशी जोड सांगते, कारण ही गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांच्या डोळ्याआड जाते. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०)मध्ये आहे की झोपडीधारकाचा करार नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा. प्रत्यक्षात काय होतं? करारावर सही करायला सोसायटीच्या ऑफिसात नवरा एकटाच जातो. बाईला बोलावतात ते अंगठ्याच्या दिवशी, आणि कशावर अंगठा देतेय ते सांगत नाहीत. पुढे खोली विकली जाते आणि तिला कळतं टेम्पो दारात आल्यावर. माझी मैत्रीण म्हणते तसं, बाईचं नाव कागदावर चढवायला पाच मिनिटं लागतात आणि उतरल्यावर परत चढवायला पाच वर्षं.

त्यामुळे @मीठागर, तुमच्या शनिवारच्या टेबलावर पिशवी घेऊन नवरा आला तर बायकोला घेऊन ये म्हणून सांगत जा.

मीठागर

सांगतो, पण प्रत्येक वेळी सांगत नाही. या शनिवारपासून भिंतीवर पाटीच लावतो.

हडपसरकर

तुरुंगाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

जामीन झाला तरी बाहेर येता येत नाही अशी माणसं येरवड्यात असतात. कारण जामीनदार नाही. जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घराचे कागद असलेला माणूस. बिगारी कामाला आलेल्या परराज्यातल्या पोराला इथे कोण जामीन राहणार? १९७८ला मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच लिहिलं होतं. गवंडीकाम करणारा माणूस, त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला, आणि वर दुसऱ्या जिल्ह्यातला भाऊ जामीनदार म्हणून नको! पंचेचाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली, प्रश्न तोच.

३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार आणता आला नाही तर कोर्टाने अट शिथिल करण्याचा विचार करायचा. केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजनाही २०२३चीच, तेव्हा कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याला चाळीस हजारांपर्यंत. पण इथेही पुन्हा 'मधला माणूस' लागतोच. त्या पोराच्या गावी फोन करून भाऊ शोधणार कोण? कोर्टात जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडा असा अर्ज देणार कोण? टाटा संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९०पासून हे करतोय. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने येरवडा आणि नागपूर कारागृहात तरुण वकील आणि समाजकार्यकर्त्यांची जोडी बसवली, तेही याच विचाराने.

अवांतर: कैद्याला फुकट वकील आणि निकालाची फुकट प्रत मिळायला हवी हा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातला, होस्कोट, १९७८. गंमत म्हणजे तो आरोपी गरीब नव्हता. विद्यापीठात रीडर, म्हणजे वरच्या श्रेणीचा शिक्षक होता, दुसऱ्या विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापायच्या खटपटीत सापडलेला. त्याला निकालाची प्रत वेळेत मिळाली नाही, म्हणून अपील राहून गेलं होतं. त्या भानगडीतून देशभरातल्या गरीब कैद्यांचं भलं झालं!

जर्सीकर

इकडचं थोडक्यात. अमेरिकेत १९६३च्या गिडियन निकालापासून फौजदारी खटल्यात गरिबाला वकील द्यावाच लागतो, पण घरातून काढायच्या दाव्यात तसा हक्क नव्हता. घरमालकाकडे वकील, भाडेकरू एकटा. न्यूयॉर्क शहराने २०१७ला कायदा करून कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना हाउसिंग कोर्टात वकील द्यायचं ठरवलं, असं करणारं देशातलं पहिलं शहर. आणि ते वकील सरकारी खात्यातले नसतात, शहर पैसे देतं आणि काम ना-नफा संस्था करतात. माझी भाची अशा एका संस्थेत दुभाषी आहे. तीही हेच म्हणते की केसेस इतक्या की वकील पुरत नाहीत, आणि भाडेकरू नोटीस न उघडताच फ्रिजवर ठेवून देतात.

टेकडी

एक खवचट प्रश्न. या संस्थांना पैसा कुठून येतो? आणि तो बंद झाला की अर्ध्यावर सोडलेल्या केसेसचं काय?

काळाकोट

प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. देणग्या, फाउंडेशनची अनुदानं, थोडीफार वर्गणी. परदेशी पैसा घ्यायचा तर परवाना लागतो आणि तो जाऊ शकतो. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हचा २०१६ला रद्द झाला, एवढी नावाजलेली संस्था असून. कंपन्यांना शाळेत संगणक द्यायला आवडतं, फोटो छान येतो. महापालिकेविरुद्धच्या याचिकेला पैसे दिले असं वार्षिक अहवालात कोण छापणार?

केसेसचं म्हणाल तर वकालतनामा संस्थेच्या नावाने नसतो, वकिलाच्या नावाने असतो. संस्था बंद पडली तरी वकील कागदोपत्री राहतो. पण मधला माणूस जातो, आणि मग तारखा पडत राहतात.

गुलबक्षी

माहुलबद्दल कोणीतरी लिहा ना. तेव्हा बातम्यांत खूप होतं, शेवटी काय झालं कळलंच नाही.

मीठागर

लिहितो, कारण त्यात सगळं एकत्र बघायला मिळतं.

तानसा पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, हा आदेश हायकोर्टाचाच, तोही जनहित याचिकेवरच. शहराच्या पाण्याच्या सुरक्षिततेसाठी. त्यात चुकीचं काही म्हणता येत नाही. पण पात्र ठरलेल्या लोकांना पाठवलं कुठे, तर चेंबूरपलीकडे माहुलला, रिफायनऱ्या आणि रासायनिक कारखान्यांच्या कुशीत. तिथल्या हवेने आजूबाजूच्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५लाच म्हटलं होतं, तरी त्यानंतरही लोकांना तिथे नेतच राहिले.

इमारती उंच, नवीन, लांबून बघितलं तर छान. आत गेलं की वासाने डोकं धरतं. माणसांना खोकला, कातडीचे विकार. शाळा लांब, कामाची ठिकाणं लांब. लोक परत येऊन विद्याविहारला पाइपलाइनजवळच धरणं धरून बसले. घर बचाओ घर बनाओ आंदोलनाने एकीकडे ते चालू ठेवलं आणि दुसरीकडे कोर्टात कागद. मला त्यातलं कौतुक वाटतं ते बायकांनी दवाखान्याचे केसपेपर जमवले त्याचं. कोणाला टीबी, कोणाला दमा, कोण दगावलं. रडून सांगितलेली गोष्ट कोर्टात टिकत नाही, केसपेपर टिकतो.

२३ सप्टेंबर २०१९ला हायकोर्टाने सांगितलं की यापुढे कोणाला जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, आणि दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या. पुढे अंमलबजावणीत किती रखडलं ती वेगळी कहाणी. भाडं मिळवायलाही लोकांना पुन्हा अर्ज, पुन्हा पोच, पुन्हा रांग. पण 'पुनर्वसन केलं' म्हणून कुठेही नेऊन टाकता येत नाही, हे त्या निकालामुळे झालं.

@सरळमार्गी, ही सगळी पात्र माणसं होती बरं का. कायद्यात बसणारी.

सरळमार्गी

माहुलचं माहीत नव्हतं. हरित लवादाने आधी सांगूनही पाठवलं असेल तर ते चूकच. बाकी माझं मत कायम आहे, फुकट घर ही योजनाच मुळात बिल्डरांसाठी आहे.

दादरपूर्व

त्यावर मात्र +१. 😀

गुलबक्षी

आता माझंच एक काम. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत झोपु योजनेचा सर्व्हे झाला होता. काल यादी लागली, त्यात त्या अपात्र. त्यांना कोणीतरी सांगितलं की 'ऑफिसातल्या माणसाला' मूळ कागद आणि काही पैसे दिले की होऊन जाईल. उद्या देणार आहेत. काय सांगू?

मीठागर

आजच फोन करा, उद्यावर ठेवू नका. मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत. आम्हाला सुद्धा नाही, आम्ही झेरॉक्सवरच काम करतो आणि मूळ बघून परत देतो.

त्यांना सांगा की यादीचा, म्हणजे परिशिष्ट-२चा, त्यांच्या नावाच्या पानाचा फोटो काढून आणा. शेवटच्या रकान्यात अपात्रतेचं कारण लिहिलेलं असतं. 'पुरावा अपुरा' असेल तर बऱ्याचदा सुटण्यासारखं असतं. 'झोपडी बंद आढळली' असेल तर सर्व्हेच्या दिवशी त्या कुठे होत्या त्याचा पुरावा बघावा लागेल. तुमच्याकडे कामाला होत्या का? मग तुमचं पत्र उपयोगी पडेल. अपील सक्षम प्राधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं आणि त्याला मुदत असते, ती यादी लागल्यापासून मोजतात. म्हणून यादी कुठल्या तारखेला लागली त्याचाही फोटो हवा, नोटीस बोर्डासकट. बाई म्हणून विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्यांना उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय मिळेल. जिल्हा कोर्टाच्या आवारात कार्यालय असतं, साध्या कागदावर अर्ज चालतो.

ओसरी

आणि खोली कोणाच्या नावावर आहे तेही विचारा, नवऱ्याच्या की त्यांच्या.

गुलबक्षी

फोन झाला. पैसे दिलेले नाहीत. कारण 'बंद आढळली' असंच आहे. सर्व्हे दुपारी झाला होता आणि त्या वेळेला त्या आमच्या घरी पोळ्या करत होत्या. खोली नवऱ्याच्या नावावर, नवरा वारलाय, वारस म्हणून नाव लावलेलंच नाही.

काळाकोट

मग दोन अर्ज आहेत. अपील वेगळं आणि वारस नोंदीचा वेगळा, एकात दोन्ही घालू नका. मृत्यूचा दाखला, लग्नाचा किंवा रेशनकार्डचा पुरावा, मुलांचं ना-हरकत घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मसुदा बघून देईन. फी नाही.

मीठागर

आणि तुमच्या पत्रात त्या किती वर्षं कामाला येतात आणि किती वाजता येतात ते लिहा. पगार बँकेत जमा होत असेल तर स्टेटमेंट जोडा. रोख देत असाल तर तसं लिहा, लाजू नका.

गुलबक्षी

रोखच देते. लिहिते.